अक्काची फाईल

माझ्या लाडक्या दोघा नातवंडांनो,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की आजीचा लॅपटॉप शेवटी बंद कशामुळे पडला होता. मी सांगायला लागणार तोच तुमच्या बाबानं दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि विषय संपवला. उत्तर बरोबर होतं, शाळेत मी त्याला पूर्ण गुण दिले असते. पण ती गोष्ट दोन वाक्यांत मावणारी नाही. शिवाय या पत्रासोबत जी फाईल येते आहे, ती तुमच्यापर्यंत पोचलीच नसती अशी वेळ येऊन गेली, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. म्हणून आजच लिहायला बसले. त्या दिवसांतली वही समोर आहे आणि तुमचे आजोबा दुपारचे आडवे झालेत, म्हणजे मधेमधे दुरुस्त्या सुचवणारं कुणी नाही.

आधी फाईलबद्दल. तिचं नाव 'अक्का' एवढंच आहे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तुमची लातूरची आजी. आमच्यात बारा वर्षांचं अंतर. ती सोळाव्या वर्षी लग्न होऊन रेणापूरकडच्या एका शेतकरी घरात गेली, आणि मला वडिलांनी हैदराबादला आत्याकडे ठेवून इंग्रजी शाळेत घातलं. त्यामुळे आमची वाटणी अशी झाली की व्याकरण माझ्याकडे आलं आणि शब्द तिच्याकडे राहिले. आईचे, आजीचे, उदगीरच्या मामीचे कानडी वळणाचे, निजामाच्या काळात वडिलांच्या कचेरीतून घरात शिरलेले उर्दू, सगळे तिच्या जिभेवर.

मी चौतीस वर्षं नांदेडला मुलींना इंग्रजी शिकवलं. सुट्टीत लातूरला गेले की शाळा डोक्यातून जायची नाही. अक्का "न्हाई" म्हणाली की मी "नाही" म्हणायचे, तेही तिच्या सुनांदेखत. तिनं राग कधी धरला नाही. मी दारात दिसले की ती आत बघून सांगायची, "मास्तरीण आली, नीट बोला गं." सगळ्या हसायच्या आणि मीही हसायचे. त्या दुरुस्त्यांची मला आता लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही दोघं आला होतात, तेव्हा अक्का तुम्हाला म्हणाली, "माळवदावर जाऊन खेळा." तुम्ही दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलंत. रेणापूर सोडल्यावर लातूरला बांधलेल्या त्या घराला सिमेंटचा स्लॅब आहे, पण मातीच्या सपाट छपराचा शब्द अक्कानं सोडलेला नाही. मी अर्थ सांगितला. मग तुमच्यातल्या धाकटीनं विचारलं, असे आणखी किती शब्द आहेत? मला उत्तर देता आलं नाही. शिक्षिकेला उत्तर न येणं ही गोष्ट मला सहन होत नाही, म्हणून त्या फाईलची सुरुवात झाली.

पद्धत ठरलेली होती. दर रविवारी सकाळी दहाला मी अक्काला फोन लावायची. ती शब्द सांगायची, मी चिठ्ठीवर लिहून घ्यायची. सोमवारी सगळ्या चिठ्ठ्या लॅपटॉपवर टाइप करायच्या: शब्द, अर्थ, आणि अक्का तो शब्द घालून बोललेलं एक वाक्य, ती जसं बोलली तसंच. तिचं "न्हाई" या फाईलमध्ये "न्हाई"च आहे. तीन वर्षांत सहाशे बारा शब्द झाले.

आता माझी चूक सांगते. टाइप झालेली चिठ्ठी मी फाडून टाकत असे. घरात एकच गोष्ट दोन ठिकाणी असली की मला चैन पडत नाही, हे तुम्ही जाणता. तुमचा बाबा कितीदा म्हणाला, "आई, एक प्रत इंटरनेटवर ठेव." मी म्हणायचे, माझं सामान दुसऱ्याच्या कपाटात कशाला? म्हणजे ते सहाशे बारा शब्द जगात एकाच ठिकाणी होते, माझ्या टेबलावरच्या त्या काळ्या पेटीत.

आणि ते पुन्हा सांगून घेता येतील, असंही राहिलं नव्हतं. गेल्या वर्षापासून अक्काला शब्द सापडेनासे झालेत. बोलता बोलता ती थांबते, हात हवेत फिरवते, "ते गं, ते, पाण्याचं" असं म्हणते आणि सोडून देते. डॉक्टर म्हणाले, वय आहे. अक्का म्हणते, "डबा भरलेला हाय, झाकणच निघंना." आणि हे सांगताना तीच सगळ्यात मोठ्यानं हसते.

गेल्या दसऱ्याला ती आमच्याकडे आठ दिवस राहायला आली. दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते, म्हणजे ज्याच्या जिवावर घर चालतं त्याची. आजोबांची स्कूटर, पाना-पक्कड, विष्णुपुरीच्या धरणावर नोकरीला असताना वापरलेली मोजणीची टेप, माझी विळी, शिलाई मशीन आणि पाटावर मांडलेली पुस्तकं. लॅपटॉप आल्यापासून तोही त्या पाटावर बसतो. मी दरवर्षी तो बंद ठेवून झाकणावर एकच झेंडू ठेवते आणि लांबून हळदीकुंकू दाखवते.

या वर्षी अक्का म्हणाली, "ह्याच्यात माझे शब्द हायत ना? मग ह्याची पूजा मी करते." तिनं येऊन झाकण उघडलं. मी म्हटलं, बंदच राहू दे. ती म्हणाली, "तोंड मिटून बसलेल्याची पूजा करतात व्हय?" आणि कुंकू, पाणी आणि थोडं तूप घालून माखलेल्या अक्षता मूठभर घेऊन तिनं त्या बटणांवर वाहिल्या. वर झेंडू. वर आपट्याची दोन पानं. मग हात जोडून बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली.

मी तिला अडवलं नाही. आयुष्यात मी तिला पुरेसं अडवलेलं आहे.

संध्याकाळी मी मऊ ब्रशनं सगळं झाडून घेतलं. अक्षता वेचल्या, ओल्या फडक्यानं कुंकवाचे डाग पुसले. आपलं काम स्वच्छ झालं असं मला वाटलं. चार दिवसांनी भाचा येऊन अक्काला लातूरला घेऊन गेला, आणि सोमवारी मी चिठ्ठ्या घेऊन टेबलाशी बसले.

बटण दाबलं. पंखा फिरल्याचा आवाज आला. मग एक लांब किनरी शिट्टी, थांबेचना अशी, आणि नेहमीच्या तुमच्या फोटोऐवजी निळं-करडं पान उघडलं. त्यावर इंग्रजीत ओळीच ओळी. पानावरचा प्रत्येक शब्द मला येत होता आणि एकाही ओळीचा अर्थ लागत नव्हता. इतकी वर्षं पाचवीच्या मुली माझ्याकडे तशा नजरेनं का बघायच्या, ते मला त्या सोमवारी कळलं.

मी वही काढली. वेळ लिहिली, काय केलं ते लिहिलं, काय झालं ते लिहिलं. बंद करून चालू केला: शिट्टी, तेच पान. चार्जर काढून चालू केला: शिट्टी, तेच पान. आजोबा येऊन बघून गेले. त्यांच्या मते कुठलंही यंत्र शेवटी पाण्याचा पंपच असतं. ते म्हणाले, हवा धरली असेल, तासभर उलटा ठेव. मी उलटा ठेवला. वहीत तेही लिहिलं आहे, "आजोबांचा उपाय, एक तास", आणि पुढे "फरक नाही". ती ओळ त्यांना अजून आवडत नाही.

मग तुम्हाला फोन. तुम्हाला आठवत असेल, तुमच्याकडे सकाळ होती आणि तुम्ही तोंडात ब्रश घालून कॅमेऱ्यासमोर आला होतात. तुमच्या बाबानं सांगितलं, चार्जर काढ आणि बटण तीस सेकंद दाबून धर. आपण सगळ्यांनी मिळून तीस आकडे मोजले, आजोबांनीसुद्धा, आणि ते बावीसनंतर चुकले. मग तुमच्यातला दादा म्हणाला, एस्केप दाब. मी दाबलं. पान गेलं, पडदा काळा झाला, मी टाळी वाजवणार तेवढ्यात शिट्टी आणि परत तेच पान. लातूरहून निघालेली एसटी रेणापूरला वळसा घालून परत लातूरच्याच स्टँडवर उभी राहावी, तसं चाललं होतं. चार वेळा गेलं, चार वेळा आलं.

तुम्ही शाळेला पळालात आणि तुमच्या बाबानं खुर्ची पुढे ओढली. मग त्यानं विचारलं, "आई, प्रत कुठे ठेवली आहेस का?" मी नाही म्हटलं. तो "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाही. तो तसं म्हणाला असता तर मला इतकी भीती वाटली नसती.

रविवारी नेहमीप्रमाणे दहाला अक्काला फोन लावला. मी तिला काही सांगितलं नाही. त्या दिवशी तिला एकच शब्द सापडला, पण तो सापडल्याचा तिला इतका आनंद झाला की तिनं तीनदा विचारलं, "लिव्हलंस का?" लिहिला, म्हटलं. चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर डबा ठेवला, उडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन रिक्षानं एका मोठ्या दुकानात गेलो. काचेचं दार, थंडगार हवा, रांगेत खुर्च्या. तिथला माणूस फार नम्र होता. त्यानं एकदा चालू करून बघितला, शिट्टी ऐकली आणि म्हणाला, मॅडम, फॉरमॅट मारावं लागेल, नव्यासारखा होऊन मिळेल. मी विचारलं, आतलं काय होईल? आतलं जाईल, तो म्हणाला. न्हावी केसांबद्दल बोलतो तसं म्हणाला. मग एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी कुठलाही कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करत नाही. त्यात लिहिलं होतं की आतली माहिती पुसली जाणार आहे हे मला मान्य आहे. मी पेनाचं टोपण काढलं, बसवलं आणि पेन त्याला परत दिलं. त्याला वाटलं, मी नाराज झाले. मी नाराज नव्हते. मला फक्त ते मान्य नव्हतं.

परतीच्या रिक्षात आजोबांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. मग म्हणाले, "अगं, ते टाइपरायटरवाले चाचा आहेत का अजून?"

तुमच्या जन्माच्या खूप आधी माझ्याकडे एक छोटा टाइपरायटर होता. परीक्षेचे पेपर मी त्याच्यावर काढायची. तो बिघडला की जुन्या गावातल्या एका गल्लीत न्यायचा. तिथे चाचांचं दुकान होतं, आणि त्यांच्या वडिलांचं त्याआधी तिथेच घड्याळांचं. मी पंचवीस वर्षांत तिकडे फिरकले नव्हते. रिक्षा वळवली.

दुकान होतं. पाटी नवी होती, लॅपटॉप आणि मोबाइलची. आत चाचांची मुलगी काम करत होती. चाळिशीची असेल, डोक्यावर ओढणी, डोळ्याला भिंग लावलेलं. ती माझी विद्यार्थिनी नव्हती आणि ते बरंच होतं, कारण माझ्या विद्यार्थिनी अजून माझ्यासमोर चुका लपवतात. चाचा दारातल्या खुर्चीत बसलेले. ऐंशी केव्हाच ओलांडलेली, पण माझा आवाज ऐकताच मान वर केली.

"बाई, तुमच्या मशीनचं ई अक्षर घासत होतं सारखं," ते म्हणाले. "इंग्रजीच्या ना तुम्ही."

मुलीनं माझ्या हातातली वही मागून घेतली आणि सुरुवातीपासून वाचली. तोपर्यंत ती वही कुणी वाचली नव्हती. आजोबांच्या उपायापाशी ती किंचित हसली, पण पान उलटून पुढे गेली. मग म्हणाली, असं कुणी लिहून आणत नाही, सगळे नुसते "चालत नाही" म्हणतात. मी तिला फाईलचं सांगितलं. अक्काचंही सांगितलं. ती म्हणाली, "आधी आतलं सगळं काढून बाजूला ठेवते, मगच बाकीचं. पुसायचं नाव मी घेत न्हाई. तुम्ही बसा."

मी बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकून बसले.

तिनं लॅपटॉप चालू केला. शिट्टी, निळं-करडं पान. तिला वाटत होतं आत एखादा भाग सैल झाला असेल. पाठ उघडावी लागेल, संध्याकाळ होईल. तिनं बारीक पेचकस काढला. तेवढ्यात चाचा दारातून म्हणाले, "परत एकदा लाव."

तिनं परत लावला. शिट्टी वाजली. चाचांनी मान तिरपी करून ऐकली, संपेपर्यंत. मग विचारलं, "दसरा कधी झाला?"

"अब्बा, मधेच दसऱ्याचं काय?" मुलगी म्हणाली.

चाचा तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "बाई, ह्याची पूजा केली का तुम्ही?"

आजोबा छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, केली.

"उघडून केली?"

उघडून केली, म्हटलं. अक्षता वाहिल्या का, त्यांनी विचारलं. वाहिल्या, म्हटलं. कुंकवात भिजवलेल्या? तूप घालून? मी होय म्हणत गेले. वर्गात उभी केलेली मुलगी जशी म्हणते तशी.

चाचा इतके खूश झाले की खुर्चीतून उठायला लागले. त्यांनी मुलीला सांगितलं आणि आम्हालाही सांगितलं, की टाइपरायटरच्या जमान्यात दसऱ्यानंतरचे पंधरा दिवस या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट, तहसीलचे, कारखान्याचे, सगळे आपापली मशीन डोक्यावर घेऊन यायचे. कुणाच्या मशीनमध्ये गुलाल, कुणाच्यात झेंडूच्या पाकळ्या, आणि अक्षता तर सगळ्यांच्याच. कळ खाली गेली की वर येईना. "दसरा तुमचा," चाचा म्हणाले, "पण खरी ईद आमच्या दुकानाची."

मग मुलीकडे वळून म्हणाले, "कळ दबलीय कुठंतरी. दबलेली कळ बोंबलती. तेव्हा मशीन गप बसत होतं, हे बोंबलून सांगायलंय. पाठ कशाला उघडतेस, कळा बघ."

मुलीनं पेचकस खाली ठेवला. प्लास्टिकची एक पातळ पट्टी घेतली आणि एकेक बटण बोटानं दाबून बघत वरच्या ओळीपर्यंत आली. डावीकडून तिसरं बटण इतरांपेक्षा किंचित खाली होतं. नखाच्या जाडीइतकंसुद्धा नाही, माझ्या डोळ्यांना ते कधीच दिसलं नसतं. तिनं पट्टी घालून ते अलगद वर उचललं. खाली एक तांदळाचा दाणा होता. लालभडक, तुपानं आणि कुंकवानं घट्ट बसलेला, बटणाच्या कडेला आडवा अडकलेला.

 मुलगीच आधी हसायला लागली आणि तिनं मला समजावलं. सुरू होताना कुणी ते बटण दाबून धरलं तर तेच पान उघडावं, अशी या यंत्राची रीत आहे. दुरुस्तीवाले मुद्दाम तसं करतात. "त्याला वाटत होतं, तुम्ही बोट ठेवून बसलाय," ती म्हणाली. "बिचारं दरवेळी विचारत होतं, काय पाहिजे, काय पाहिजे."

ती दाणा उडवणार होती. चाचांनी हात पुढे केला. तळहातावर तो दाणा घेतला, वर्तमानपत्राचा एक तुकडा फाडून त्याची पुडी बांधली, चार घड्यांची, आणि माझ्या हातात दिली. "बहिणीनं वाहिलेलं हाय ना. अमानत हाय, घेऊन जा."

बटणाखालचं कुंकू तिनं पुसून काढलं, बटण परत बसवलं आणि चालू केलं. पंखा फिरला. शिट्टी नाही. आम्ही चौघंही पडद्याकडे वाकलो होतो. चाचासुद्धा भिंतीला धरून उभे होते. मग तुम्ही दोघं दिसलात, मागच्या अंगणात, आंब्यानं माखलेल्या तोंडांनी. आजोबांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

मी फाईल उघडली. शेवटच्या शब्दापाशी गेले. मी सोडली होती तिथंच कर्सरची रेघ उघडमीट करत होती.

मुलीनं मला फार वेळ आनंद करू दिला नाही. तिनं एक पेनड्राइव्ह काढला, फाईल त्यात घातली, तो माझ्या पर्समध्ये ठेवायला लावला आणि म्हणाली, आता मुलाला पाठवा. घरी जाऊन पाठवते, म्हटलं. ती म्हणाली, "न्हाई. आत्ता. माझ्यासमोर." मी मुकाट्यानं तुमच्या बाबाला फाईल पाठवली. चौतीस वर्षं मी ज्या आवाजात गृहपाठ मागितला तो आवाज कसा लागतो, ते मला तेव्हा कळलं.

चाचांना उत्सुकता होती की असं आहे तरी काय त्यात. मी मधलंच एक पान काढून वाचलं. "दस्ती: हातरुमाल. अक्काचं वाक्य: दस्ती घेतलीस का, नाक पुसाया तुझी मास्तरीण येणार न्हाई." चाचांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, चौकोनी घडी घातलेला रुमाल बाहेर काढला आणि सगळ्यांना दाखवला. "ही काय," म्हणाले. आजोबांच्या हातात अजून त्यांचा होता. त्यांनी तोही दाखवला.

अक्काला रविवारी सगळं सांगितलं.  मला वाटलं तिला वाईट वाटेल. पण इतका मोठा हसण्याचा आवाज आला की मी फोन कानापासून लांब धरला. "म्हंजे मीच बसले होते व्हय बोट ठेवून?" ती म्हणाली. पुढचे दोन-तीन रविवार तिनं फोन उचलून पहिला प्रश्न हाच विचारला, काढलं का गं माझं बोट?

मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूरकडे येळवस असते. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही, सगळी शेतावर. कडब्याची खोप करतात, आत पूजा मांडतात, आणि मग दिवसभर कोवळ्या दाण्यांची आणि भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि ताकातली अंबील. तुम्हाला मी एकदा नक्की नेणार आहे. या वर्षी आम्ही दोघं गेलो. मी फाईल अकारविल्हे लावून, छापून, पानांना भोकं पाडून, दोरीनं बांधून नेली. काही गोष्टी दोन ठिकाणी असाव्यात, हे मी आता शिकले आहे.

हरभरा गुडघ्यापर्यंत आला होता. खोपीच्या सावलीत अक्का सतरंजीवर बसली होती, सुना वाढत होत्या. जेवणाच्या मध्यावर अक्काला अंबील हवी होती. तिनं हात पुढे केला आणि थांबली. "ती आण गं," म्हणाली, "ती…" हात हवेत फिरला. सून पाण्याच्या हंड्याकडे गेली, पातेल्याकडे गेली, अक्का मान हलवत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कमी व्हायला लागलं होतं, आणि ते मला बघवेना. मी मांडीवरची पानं उलटली. ब वर आले.

"बिंदगी," मी वाचलं. "अंबील ठेवायची मातीची घागर, बाहेरून ओलं फडकं गुंडाळलेली. वाक्य: बिंदगी सावलीत ठीव, अंबील तापली की जीभ रागावती."

"हाव," अक्का म्हणाली. "बिंदगी. आण ती बिंदगी."

सुनेनं आणली. अक्कानं वाटी तोंडाला लावली, संपवली, मिशीसारखी पांढरी रेघ ओठावर तशीच ठेवून माझ्या मांडीवरच्या कागदांकडे बघितलं.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"तूच, अक्का."

तिनं थोडा विचार केला. "मग बरोबरच आसंल," म्हणाली. मग सुनांना हाक मारून जवळ बसवलं आणि मला सांगितलं, वाच पुढं. मी वाचत गेले. ती प्रत्येक शब्दाला मान डोलवायची, कुठे नवीन गोष्ट ऐकल्यासारखी हसायची, कुठे सुनेच्या पाठीत चापट मारायची. उन्हं कलली तेव्हा कुठे ती म्हणाली, "मास्तरीण, लई नीट लिव्हलंस. एकबी चूक न्हाई."

मला आयुष्यात बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली. ती ट्रंकेत आहेत.

तर आता काय काय शिल्लक आहे ते लिहून संपवते. फाईल माझ्याकडे आहे, तुमच्या बाबाकडे आहे, आणि आजपासून तुमच्याकडे आहे. छापलेली प्रत अक्काच्या उशाशी आहे. शब्द सहाशे एकोणतीस झालेत. पुडीतली अक्षत माझ्या कुंकवाच्या करंड्यात आहे, तिचा रंग अजून गेलेला नाही. अक्का लातूरला आहे आणि रविवारी दहाला फोन उचलते. ज्या रविवारी तिला शब्द सापडत नाही, त्या रविवारी मी तिला वाचून दाखवते.